आधी रिपोर्ट, मग माती

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मधे उसाच्या लागणीत अडकलो होतो, आणि खरं सांगायचं तर लिहिण्यासारखं काही सुचतही नव्हतं. पण परवा असं काही झालं की डोकंच सटकलं. आणि डोकं सटकलं की मी लिहायला बसतो, हे जुन्या वाचकांना ठाऊक आहेच.

झालं असं. भाची चार दिवसांसाठी राहुरीला आली होती. एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय मराठी. आल्या आल्या, चहासुद्धा न घेता म्हणाली, "मामा, तुमच्याकडं 'फकिरा' आहे ना? दोन दिवस पाहिजे."

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! घरातल्या पुढच्या पिढीतलं कुणीतरी आपल्या कपाटातलं पुस्तक मागतंय. लगेच काढून दिलं. म्हटलं, "वाच, पण घाईनं वाचू नकोस."

"वाचायला कुठं वेळ आहे मामा! फक्त पान नंबर टाकायचेत."

मग हळूहळू उलगडा झाला. तिचा प्रकल्प आहे, 'फकिरा : एक मार्क्सवादी अभ्यास'. साठ पानं टाइप होऊन तयार. पहिलं प्रकरण सैद्धान्तिक मांडणीचं (मार्क्स, एंगल्स, प्लेखानोव्ह, लुकाच, सगळे हजर). दुसऱ्यात लेखकाचा परिचय, तिसऱ्यात कथानक, चौथ्यात सिद्धान्ताचं 'उपयोजन', पाचव्यात निष्कर्ष. निष्कर्षसुद्धा झालेला! चौथ्या प्रकरणात जिथं जिथं 'उदा.' लिहून जागा सोडली होती, तिथं कादंबरीतले प्रसंग आणि पान क्रमांक भरले की काम फत्ते.

"अगं पण पुस्तक वाचायच्या आधी निष्कर्ष कसा निघाला?"

"तो ठरलेलाच असतो मामा. मागच्या वर्षीच्या एका ताईंनी त्यांची फाइल दिली. नाव बदललं फक्त."

मी ते पाचवं प्रकरण वाचलं. नाव एका ठिकाणी बदलायचं राहून गेलं होतं. सगळीकडे 'फकिरा', आणि मधेच सातव्या ओळीत 'बनगरवाडी' आरामात बसलेली.

दोघंही पोट धरून हसलो. पण रात्री झोप लागेना. माडगूळकरांची 'बनगरवाडी' १९५५ ची. माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर एक कोवळा मास्तर जातो, त्याची गोष्ट. अण्णा भाऊंची 'फकिरा' १९५९ ची. इंग्रज सरकारशी झुंजणाऱ्या एका मांग वीराची. या दोन कादंबऱ्यांमध्ये काहीही सारखं नाही. लय नाही, माणसं नाहीत, राग नाही. आणि तरी निष्कर्षाची तीन पानं दोन्हींना तंतोतंत बसतात? जो सदरा गावातल्या प्रत्येकाला बसतो तो सदरा नसतो, पोतं असतं.

(ताई, तू हे वाचत असशीलच. पोरीला रागावू नकोस. तिचा दोष नाही. तिला जे शिकवलं गेलं तेच तिनं मन लावून केलं.)

आता मूळ मुद्द्यावर येतो. 

राहुरीत राहणाऱ्याला माती परीक्षण म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. कृषी विद्यापीठ दारातच आहे. नमुना कसा घ्यायचा याचे नियम आमच्याकडे शाळकरी पोरंही म्हणून दाखवतील. बांधाजवळची माती घ्यायची नाही. उकिरड्याजवळची नाही. झाडाखालची नाही, पाणी साचतं तिथली तर नाहीच. रानात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणं धरायची, वीतभर खोल खड्डा घ्यायचा, कडेची माती वरपासून खालपर्यंत सारखी खरवडायची. सगळी एकत्र कालवायची, चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे. असं करत करत अर्धा किलो उरली की पिशवीत भरून, चिठ्ठी लावून प्रयोगशाळेत.

एवढा खटाटोप कशासाठी? कारण रिपोर्टात काय येणार हे आपल्याला माहीत नसतं. पंचवीस वर्षं आपण ज्या रानाला कसदार म्हणत आलो त्यात जस्त कमी निघतं. धक्का बसतो. त्या धक्क्यासाठीच तर परीक्षण करायचं.

आमच्याकडच्या समीक्षेत गाडी उलटी चालते. आधी रिपोर्ट छापून तयार, मग त्याला जुळेल अशी माती शोधायला रानात उतरायचं. वर्गसंघर्ष सापडायलाच हवा म्हटल्यावर नमुना नेमका उकिरड्याजवळचाच घ्यावा लागतो.

'फकिरा'चंच घ्या. मार्क्सवाद लावायचा तर अण्णा भाऊंच्या कादंबरीला लावायचा नाही तर कुणाच्या? माणूस कम्युनिस्ट पक्षाचा, लाल बावटा कलापथकाचा शाहीर. मुंबईच्या गिरण्यांत घाम गाळलेला. १९६१ मध्ये रशियाही पाहून आला. तेव्हा चष्मा चुकीचा आहे असं माझं अजिबात म्हणणं नाही. दुष्काळ, उपासमार, धान्याची कोठारं, सरकारी खजिना, मांगांवर लादलेली हजेरी, सगळं कादंबरीत आहेच. भाचीच्या 'उदा.'च्या रिकाम्या जागा अर्ध्या तासात भरल्या असत्या.

पण कादंबरी उघडली की पहिल्याच भागात घोटाळा होतो. फकिराचा बाप राणोजी. तो मरतो कशासाठी? भाकरीसाठी नाही, मजुरीसाठी नाही. जोगणीसाठी! शिगावची जोगणी पळवून वाटेगावात आणायची, म्हणजे जत्रा वाटेगावची होईल, गावाची मान वर होईल. राणोजी ती आणतो आणि शिगावच्या खोताकडून मारला जातो. ज्या गावानं त्याला कुसाबाहेर ठेवलं, त्याच गावाच्या इज्जतीसाठी तो जीव देतो. तयार साच्यात याला जागा नाही. फार तर 'अंधश्रद्धा' किंवा 'खोटी जाणीव' असं लिहून पुढं जायचं. भाचीच्या साठ पानांत जोगणीला दीड ओळ होती!

पुढं दुसरा घोटाळा. गावातला पाटील आणि कुलकर्णी. सूत्राप्रमाणे हे दोघं शोषक निघायला हवेत. पण शंकरराव पाटील आणि विष्णुपंत कुलकर्णी मांगवाड्याच्या बाजूनं उभे राहतात. माणसं भुकेनं मरायला लागतात तेव्हा हा विष्णुपंतच त्यांना मरू नका, वाटेल ते करून जगा असं सांगतो. आता काय करायचं? वर्गाचं सूत्र मोडलं, ब्राह्मण-ब्राह्मणेतराचंही मोडलं. मग 'लेखकाची वैचारिक मर्यादा' असा शिक्का मारायचा. म्हणजे साच्यात माणूस मावला नाही तर दोष माणसाचा!

आणि तिसरी गोष्ट. हे पुस्तक अण्णा भाऊंनी अर्पण कुणाला केलंय? मार्क्सला नाही, लेनिनला नाही, तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला. एका कम्युनिस्टानं, १९५९ साली. त्याच्या आदल्याच वर्षी, १९५८ मध्ये, मुंबईतल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचं उद्घाटनही त्यांनीच केलं होतं. हे अर्पणपत्रिकेचं एक पान नीट वाचलं तरी प्रश्न उभा राहतो की या माणसाच्या डोक्यात वर्ग आणि जात यांचं नेमकं काय भांडण चाललं होतं? कादंबरी हे त्या भांडणाचं रणमैदान तर नाही?

हा प्रश्न कुठून आला बघा. नुसत्या मार्क्सच्या पुस्तकातून आला नाही, नुसत्या 'फकिरा'तूनही नाही. दोघांची टक्कर झाली म्हणून आला. मी यालाच समीक्षा म्हणतो. सिद्धान्तानं कादंबरीला प्रश्न विचारावा आणि कादंबरीला उलट उत्तर देण्याची मुभा असावी. ज्या सिद्धान्तासमोर कादंबरीला कधीच 'नाही' म्हणता येत नाही, तो सिद्धान्त कादंबरीबद्दल काहीच सांगत नाही.

आणि 'नाही' ऐकलेल्या सिद्धान्ताचं पुढं काय होतं? तो सुधारतो. इटलीत ग्रामशीला हाच प्रश्न पडला होता की ज्या व्यवस्थेत माणूस भरडला जातो तिला तो मनापासून संमती कशी देतो? राणोजीची जोगणी समजून घ्यायला हा प्रश्न 'अंधश्रद्धे'पेक्षा कितीतरी उपयोगाचा आहे. आपल्याकडं धुळ्याच्या शरद पाटलांनी वर्गाच्या जोडीला जात घेतल्याशिवाय इथं काही उमगणार नाही असं म्हणत मार्क्सवादी पक्ष सोडला, १९७८ मध्ये सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष काढला, आणि १९८८ मध्ये अब्राह्मणी साहित्याचं सौंदर्यशास्त्र मांडलं. त्यांचं सगळं पटावं असं नाही. मला तर बरंच पटत नाही. पण त्यांनी इथली माती हातात घेऊन सूत्र बदललं, हे कसं नाकारणार?

आता मला दुसऱ्या बाजूशीही भांडायचंय. कारण मला माहितेय, इथपर्यंत वाचून काही मित्र खूश झाले असतील. "बघा, आम्ही म्हणत नव्हतो? हे वाद-बीद सगळं झूट. कादंबरी वाचावी, आनंद घ्यावा, गप्प बसावं."

थांबा जरा. तुमची ती शाळेपासूनची रसग्रहणं आठवतात का? 'निसर्गाचं विलोभनीय चित्रण', 'ओघवती भाषा', 'व्यक्तिरेखा जिवंत उभ्या केल्या आहेत'. ही वाक्यंसुद्धा 'फकिरा'तून उचलून 'बनगरवाडी'त ठेवता येतात की! तुमचंही पोतंच आहे, फक्त जरा रेशमी. शिवाय तुम्ही ज्याला निखळ आनंद म्हणता तो कुणाचा आनंद, कुणाच्या खर्चानं, हे विचारायचंच नाही असा तुमचा नियम. तो मला मान्य नाही.

आणि हे प्रश्न परदेशातून आलेत अशी एक तक्रार नेहमी असते. आमच्या राहुरीचं विद्यापीठ ज्यांच्या नावाचं आहे त्या जोतीराव फुल्यांनी १८८५ साली काय केलं? पुण्यात ग्रंथकार सभा भरत होती. न्यायमूर्ती रानड्यांसारख्या थोरामोठ्यांचा त्यात पुढाकार. जोतीरावांना आमंत्रण गेलं. त्यांनी नकार कळवला, आणि कारणही कळवलं. जे लोक सगळ्या माणसांना माणसाचे हक्क उघडपणे द्यायला तयार नाहीत, त्यांच्या ग्रंथांशी आमच्या ग्रंथांचा मेळ बसत नाही, असा त्याचा आशय. ते पत्र छापून आलं 'ज्ञानोदया'त, म्हणजे १८४२ साली आपल्या नगरलाच सुरू झालेल्या नियतकालिकात. कोण लिहितो, कुणासाठी लिहितो, कुणाला वगळून लिहितो हे सगळे प्रश्न त्या एका पत्रात आहेत. त्याआधी तीन वर्षं, १८८२ मध्ये, बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी 'स्त्री-पुरुष तुलना' लिहून पुरुषांच्या पोथ्यापुराणांत आणि गोष्टींत बाईचं चित्र असंच का, म्हणून जाब विचारला होता. तेव्हा फ्रान्समधल्या कुणाचंही नाव घ्यावं लागलं नव्हतं.

ताराबाईंचा प्रश्न घेऊन ह. ना. आपट्यांच्या 'पण लक्षात कोण घेतो?'कडे जा. १८९० पासून 'करमणूक'मध्ये क्रमशः येत गेलेली कादंबरी. यमू स्वतः आपली कहाणी सांगते, केशवपनापर्यंतची. स्त्रीवादी समीक्षा विचारते की यमूचा 'मी' लिहिणारा हात कुणाचा आहे? हात पुरुषाचा आहे. मग तो आवाज तिचा किती, त्याचा किती? ती कुठं गप्प होते, आणि ते गप्प होणं तिचं की त्याचं? हा प्रश्न मनात ठेवून मी ती कादंबरी दुसऱ्यांदा वाचली तेव्हा पहिल्यापेक्षा जास्त हललो. रसभंग वगैरे काही झाला नाही. उलट पहिल्यांदा वाचताना मी नुसता हळहळून मोकळा झालो होतो, ते मला दुसऱ्यांदा कळलं.

पण हाच स्त्रीवाद आमच्याकडं 'उपयोजित' होतो तेव्हा काय होतं? 'यमू ही पुरुषप्रधान व्यवस्थेची बळी आहे हे सिद्ध होते.' अहो, हे हरिभाऊंनी १८९० मध्येच सांगितलंय. ते सिद्ध करायला साठ पानं आणि एक पदवी कशाला पाहिजे?

'कोसला'चीही तीच गत. १९६३ ची कादंबरी. आजकाल जिथं तिथं तिला 'उत्तर-आधुनिक' म्हणतात. ल्योतारचं ते गाजलेलं पुस्तक १९७९ चं, म्हणजे 'कोसला'नंतर सोळा वर्षांनी आलेलं. नंतर आलेल्या विचारानं आधीचं पुस्तक वाचू नये असं नाही, खुशाल वाचा. इतिहासाची टिंगल, डायरी, तुकडे-तुकडे, 'उदाहरणार्थ'चा खेळ, हे सगळं त्या चष्म्यातून छान दिसतं. पण मनीचं काय? पांडुरंगची धाकटी बहीण मरते ती पानं वाचताना कुणाला खेळ आठवतो? तिथं सगळी टिंगल संपते, आणि पुढची प्रत्येक टिंगल त्या मरणाच्या सावलीत येते. मी ऐकलेल्या एका निबंधात (कुठल्या चर्चासत्रात ते सांगत नाही, जेवण चांगलं होतं :) ) वीस मिनिटांत मनीचं नावसुद्धा आलं नाही. आलं असतं तर सिद्धान्ताला अडचण झाली असती ना!

गंमत म्हणजे खुद्द नेमाड्यांनी 'मराठी कादंबरी : प्रेरणा व स्वरूप' या लेखात मराठी कादंबऱ्या वाचून, त्यांच्यातूनच तीन प्रवृत्ती काढून दाखवल्या. 'यमुनापर्यटन'ची, 'मुक्तामाला'ची आणि 'मोचनगड'ची. एक वास्तवाकडे जाणारी, एक रंजनाकडे, एक इतिहासाच्या गौरवाकडे. इथल्या मातीचा नमुना घेऊन काढलेला रिपोर्ट म्हणजे असा. पण आमच्या लोकांनी त्याचेही तीन डबे केले. आता कुठलीही कादंबरी आली की प्रश्न एकच, कुठल्या डब्यात? 'फकिरा' टाका बघू. भूक आणि हजेरी बघितली तर पहिल्या डब्यात, घोडा, तलवार आणि पराक्रम बघितला तर तिसऱ्या. ती दोन्हींत पाय ठेवून उभी आहे, आणि तिची ताकद नेमकी तिथंच आहे.

मग हे असं का होतं? मास्तर मंडळी मूर्ख आहेत म्हणून? नाही हो. माझे निम्मे मित्र त्यात आहेत, आणि चांगले वाचणारे आहेत. पण २०१० पासून विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांत प्राध्यापकांच्या बढतीला गुण चिकटले. चर्चासत्रातल्या निबंधाला इतके, नियतकालिकातल्या लेखाला इतके. नियम पुढं बदलत गेले, सवय राहिली. सहा महिने कादंबरीसोबत राहून 'मला ही नीट कळली नाही' असं प्रामाणिकपणे लिहिलं तर गुण किती? शून्य. साचा असला की रविवारी दुपारी एक निबंध निघतो. मास्तर जे करतात तेच विद्यार्थ्याला शिकवतात, आणि विद्यार्थी फाइल पुढच्या वर्गाला देतो. निष्कर्ष वारसाहक्कानं मिळतो.

नुकसान कुणाचं? कादंबरीचं नाही. 'फकिरा' आहे तिथं आहे, जत्रेतल्या पुस्तकांच्या गाड्यावरही विकली जाते. नुकसान त्या पोरीचं आहे. बावीस वर्षांची, वाचायची आवड असलेली (लहानपणी आमच्या माळ्यावरचे सगळे दिवाळी अंक हिनं फस्त केलेत). तिला दोन वर्षं शिकवून आम्ही काय दिलं? तर पुस्तक न उघडता त्याच्याबद्दल बोलण्याची हिंमत. उद्या ती शिकवायला उभी राहील तेव्हा हेच वाटेल.

एडवर्ड सैदनं १९९३ मध्ये जेन ऑस्टिनच्या 'मॅन्सफील्ड पार्क'वर लिहिलं, ते आमच्याकडं सगळे वसाहतवादाच्या प्रकरणात उतरवून घेतात. पण त्यानं केलं काय ते बघत नाहीत. इंग्लंडातल्या त्या शांत घराचा पैसा अँटिग्वामधल्या मळ्यातून येतो, आणि कादंबरीत अँटिग्वाचा उल्लेख मोजक्या जागी, ओझरता. सैद त्या ओझरत्या जागांवर थांबला. गुलामांच्या घामावर उभं राहिलेलं घर दाखवलं, आणि तरी ऑस्टिनला फेकून द्या असं म्हटलं नाही. उलट आणखी बारकाईनं वाचा म्हणाला. पान नंबर आधी, सिद्धान्त नंतर. आमच्या प्रकल्पांच्या नेमकं उलट.

असो. फार लांबलं.

तर शेवटी काय झालं ते सांगतो. दुसऱ्या दिवशी मी भाचीला म्हटलं, तू एवढंच कर. जोगणीपर्यंत वाच. पुढचं तुझ्या मनावर. ती ओट्यावर बसून वाचायला लागली. दुपारी हाक मारली तर जेवायला उठेना. संध्याकाळी एकदम म्हणाली, "मामा, पण राणोजी त्या गावासाठी का मेला? गाव त्याला आत घेत होतं का?"

म्हटलं, "हे लिही."

"कुठं लिहू? याला प्रकरणच नाही."

मग पाचव्या प्रकरणातली ती तीन पानं (बनगरवाडीसकट) तिनं काढून टाकली आणि त्या जागी हाताने दीड पान लिहिलं. त्यात निष्कर्ष असा नाहीच. प्रश्न आहेत, आणि जिथं मार्क्स पुरतो आणि जिथं पुरत नाही त्या दोन्ही जागा पान नंबरासकट आहेत. गाईड मॅडमना चाललं तर ठीक, नाही तर जुनी पानं परत लावीन म्हणाली. मार्कांचा प्रश्न आहे, मी काही बोललो नाही. बोलायचा मला काय अधिकार? नोकरी तिला शोधायचीय.

काल तिनं ते जमा केलं. मॅडम काय म्हणतात ते फोन करून सांगते म्हणाली होती. अजून फोन आलेला नाही.

'फकिरा' मात्र जाताना घेऊन गेलीय. परत मागणार नाही.